वाचल्याची खूण

नोव्हेंबर २००३ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, एका प्रतीत कुणीतरी गुपचूप दोन ओळी घातल्या. वरवर पाहता ती एक साधी तपासणी होती: अमुक दोन पर्याय एकत्र आले आणि वापरकर्त्याचा क्रमांक शून्य असला, तर विनंती चुकीची म्हणून परत पाठवायची. पण सी भाषेत दोन गोष्टी सारख्या आहेत का हे विचारायला बरोबरची दोन चिन्हं लागतात, ==. इथे शून्याच्या आधी चिन्ह एकच होतं, =. एका चिन्हाचा अर्थ प्रश्न राहत नाही, तो हुकूम होतो: वापरकर्त्याचा क्रमांक शून्य कर. लिनक्समध्ये शून्य क्रमांकाचा वापरकर्ता म्हणजे रूट, त्या मशीनचा सर्वाधिकारी. ते दोन पर्याय ठाऊक असलेला कुणीही माणूस एका फटक्यात मशीनचा मालक झाला असता.

ती ओळ जितकी निरखावी तितकी लिहिणाऱ्याची तयारी कळत जाते. त्याच ओळीत थोडं आधी == अगदी बरोबर लिहिलेलं आहे, त्यामुळे नजर निर्धास्त होऊन पुढे सरकते. एकेरी = कंसात ठेवलेलं आहे, त्यामुळे कंपायलर एरवी देतो तो इशाराही देत नाही. आणि शून्य ही किंमत सी भाषेत ‘खोटं’ मानली जाते, म्हणून विनंती परत पाठवायची वेळच येत नाही. काम फत्ते होतं आणि कुठे काही खुट्ट होत नाही.

मग हे सापडलं कसं? तेव्हा कर्नेलचा मूळ साठा बिटकीपर नावाच्या प्रणालीत होता. ज्यांना ती वापरायची नव्हती त्यांच्यासाठी सीव्हीएस या जुन्या प्रणालीत एक प्रत ठेवलेली असे. मूळ साठ्यात गेलेल्या प्रत्येक बदलामागे मंजुरीची नोंद असे, आणि प्रतीतल्या बदलाला त्या नोंदीचा दुवा जोडलेला असे. या दोन ओळींना दुवाच नव्हता. बिटकीपरचे लॅरी मॅक्व्हॉय यांच्या ते लक्षात आलं. शोध घेतल्यावर कळलं, की मूळ साठ्यात हा बदल नाहीच. कुणीतरी प्रतीच्या सर्व्हरमध्ये थेट शिरून तो घातला होता. कुणी, ते कधीच उघड झालं नाही. ओळीतली चलाखी नंतर कळली. आधी कळलं ते हे, की या ओळी वाचून ‘ठीक आहे’ म्हटल्याची खूण कुठेच नाही.

ही खूण हा सॉफ्टवेअरच्या जगातला एक विलक्षण शोध आहे, असं मला मनापासून वाटतं.

अनोळखी माणसांची शिस्त

ओपन सोर्स प्रकल्पाचा कोड कुणीही वाचू शकतं आणि कुणीही बदल सुचवू शकतं. पण सुचवलेला बदल मुख्य शाखेत जाणं ही वेगळी गोष्ट. मधल्या पायरीला कोड रिव्ह्यू म्हणतात. बदल लिहिणारा तो मांडतो. गिटहबवर त्याला पुल रिक्वेस्ट म्हणतात, गिटलॅबवर मर्ज रिक्वेस्ट, आणि लिनक्समध्ये तो पॅच म्हणून ईमेलने जातो. दुसरं कुणीतरी तो ओळ न् ओळ वाचतं, शंका काढतं, दुरुस्त्या सांगतं, आणि समाधान झालं की अप्रूव्हल देतं. मग मर्ज, म्हणजे मुख्य शाखेत विलीन.

कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या मायकेल फॅगन यांनी १९७६ साली कोड तपासण्याची शिस्तबद्ध पद्धत प्रसिद्ध केली. मोजकी माणसं एकत्र बसत, प्रत्येकाची भूमिका ठरलेली असे आणि समोर कोड असे. ओपन सोर्समध्ये ते एकत्र बसणंच राहिलं नाही. लिहिणारा एका खंडात, वाचणारी दुसऱ्या. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नसतं, कधी कधी खरं नावही माहीत नसतं. वरिष्ठ कुणी नाही, नोकरीचा करार नाही. तरी त्यांच्या हातून निघालेल्या कोडवर बँका, रुग्णालयं आणि आपले फोन चालतात. हे कसं जमतं याचं बरंचसं उत्तर प्रकल्पाच्या सेटिंग्जमधल्या एका पानावर असतं. चौकटीत खूण करायच्या काही ओळी आणि एखादा आकडा, इतकंच.

आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव बदलायचं तर तलाठी फेरफार धरतो, संबंधितांना नोटीस काढतो, हरकतीसाठी मुदत ठेवतो, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. लिहिणारा हात वेगळा, प्रमाणित करणारा वेगळा, आणि मध्ये हरकतीला वाव. अप्रूव्हलच्या सेटिंग्ज हेच ठरवतात. फक्त इथे नियमाचं पालन यंत्र करून घेतं. अटी पुऱ्या झाल्या नाहीत तर मर्जचं बटण दाबताच येत नाही. प्रकल्पाच्या प्रशासकालाही त्यातून सूट द्यायची नसेल, तर तशीही एक सेटिंग असते.

किती जण, आणि कोण

पहिला प्रश्न संख्येचा. गिटहबवर शाखा ‘संरक्षित’ केली, की किमान किती जणांची मंजुरी हवी तो आकडा टाकता येतो. स्वतःच्या पुल रिक्वेस्टला स्वतः मंजुरी देण्याची सोय गिटहबने ठेवलेलीच नाही. गिटलॅबवर लेखकाला रोखायचं का, हे प्रकल्प ठरवू शकतो.

हा आकडा एक असावा की दोन, यामागे मोठी किंमत मोजून शिकलेला धडा असू शकतो. वेबसाइटच्या पत्त्याआधी काही ब्राउझरमध्ये कुलूप दिसतं, त्या कुलपामागच्या गुप्तलेखनाचं काम जगातल्या असंख्य सर्व्हरवर ओपनएसएसएल ही लायब्ररी करते. ३१ डिसेंबर २०११ च्या रात्री तिच्यात एक नवी सोय दाखल झाली. दोन संगणकांनी एकमेकांना ‘आहेस ना?’ असं विचारत राहायचं आणि पाठवलेला मजकूर जसाच्या तसा परत करायचा. विचारणाऱ्याने मजकुराची लांबीही सांगायची. पण सांगितलेली लांबी खरी आहे का, हे तपासायचं राहून गेलं. एका अक्षराचा मजकूर पाठवून ‘हा ६४ हजार अक्षरांचा आहे’ असं सांगितलं, तर सर्व्हर उरलेली जागा स्वतःच्या मेमरीतून भरून पाठवायचा, मग त्यात कुणाचा पासवर्ड असो की सर्व्हरची खासगी किल्ली. हा बदल एकाने लिहिला होता, दुसऱ्याने वाचला होता. त्रुटी दोघांच्याही नजरेतून सुटली. मार्च २०१२ मध्ये ती जगभर पोहोचली आणि ७ एप्रिल २०१४ ला हार्टब्लीड या नावाने उघड झाली.

आज ओपनएसएसएलमध्ये बदल जायचा तर दोघांची मंजुरी लागते. शिवाय मंजुरी पुरी झाल्यावरही साधारणपणे २४ तास थांबायचं. ही २४ तासांची अट मला फार सुंदर वाटते. पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी पूर्ण करते, तेवढ्यात प्रत्येक देशात एकदा सकाळ होते. जो झोपलेला होता त्यालाही उठून हरकत घ्यायची संधी मिळते.

संख्येच्या पुढचा प्रश्न वजनाचा. अँड्रॉइडचा कोड ज्यावर तपासला जातो त्या गेरिट प्रणालीत मंजुरीची पट्टी उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत असते. अधिक एक म्हणजे ‘मला ठीक वाटतं, पण शेवटचा शब्द दुसऱ्याचा’. अधिक दोन म्हणजे ‘जाऊ द्या’. उणे एक म्हणजे ‘असाच गेला तर बरं वाटणार नाही’. उणे दोन म्हणजे ‘जाता कामा नये’. गंमत अशी, की इथे बेरीज चालत नाही. अधिक एक देणारे वीस जण जमले तरी त्यांचं अधिक दोन होत नाही. आणि एकाच्या उणे दोनपुढे बाकीच्यांचे सगळे अधिक दोन थांबतात. मोठ्या संख्येने दिलेला पाठिंबा आणि एखाद्या जाणकाराने घेतलेली जबाबदारी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बहुतेक सभांमध्ये त्यांची सरमिसळ होते. या छोट्या पट्टीने त्या वेगळ्या ठेवल्या आहेत.

मंजुरी मजकुराला

आता या विषयाच्या गाभ्याशी येऊ. समजा मी बदल मांडला, तुम्ही तो वाचून मंजूर केला, आणि त्यानंतर मी त्यात हळूच आणखी एक ओळ घातली. तुमची मंजुरी उरते का?

गिटहबवर एक सेटिंग आहे: नवा कमिट, म्हणजे नोंदवलेला नवा बदल, आला की आधीच्या मंजुऱ्या रद्द. ती लावली, तर मी स्वल्पविराम जरी बदलला तरी तुमची हिरवी टिक पुसली जाते आणि तुम्हाला पुन्हा वाचावं लागतं. पण एक फट तरीही राहते. प्रकल्पात लिहिण्याचा अधिकार असलेला माणूस दुसऱ्याच्या पुल रिक्वेस्टमध्ये आपल्या ओळी ढकलू शकतो आणि मग रिव्ह्यूअर म्हणून स्वतःच तिला मंजुरी देऊ शकतो. कागदोपत्री लेखक वेगळा आणि मंजुरी देणारा वेगळा, पण त्या ओळी मात्र एकाच माणसाने लिहून मंजूर केलेल्या. म्हणून आणखी एक सेटिंग आली: शेवटचा बदल ज्याने ढकलला, त्याच्याखेरीज कुणीतरी तो मंजूर केला पाहिजे. गिटलॅबमध्येही ज्यांनी कमिट घातले त्यांना मंजुरीपासून दूर ठेवता येतं.

हे नियम एकामागोमाग वाचले, की त्यांच्या तळाशी एकच विचार दिसतो. मंजुरी माणसाला दिलेली नसते, ती नेमक्या मजकुराला दिलेली असते. ‘हा भला माणूस आहे, त्याचं येऊ द्या’ असं ती म्हणत नाही. ‘हे एवढं, असंच्या असं, मी वाचलं आहे’ असं ती म्हणते.

‘असंच्या असं’ याला गणिताचा आधार आहे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये कोडच्या बदलांची नोंद ठेवणारी गिट ही प्रणाली लिहिली. तिच्यात प्रत्येक कमिटला त्याच्या मजकुरावरून काढलेली ४० चिन्हांची एक ओळख मिळते. मजकुरात एक अक्षर बदललं की ही ओळख ओळखू न येण्याइतकी बदलते. शिवाय ती काढताना आधीच्या कमिटची ओळखही हिशेबात घेतलेली असते, आणि त्या आधीच्या कमिटमध्ये त्याच्याही आधीच्याची. म्हणजे एका ओळखीला मंजुरी देणं हे तिच्या मागच्या सगळ्या इतिहासावर बोट ठेवून ‘यावर उभा असलेला हा बदल’ असं म्हणणं आहे. बिटकॉइन कोअर या प्रकल्पात रिव्ह्यू करणारे आपल्या होकारापुढे ही ओळख लिहितात. पुढे बदल एका अक्षराने जरी हलला, तरी तो होकार जुन्या मजकुरापाशीच राहिला हे कुणालाही ताडता येतं.

कुबरनेटीस या प्रकल्पाने यात एक मार्मिक भेद केला आहे. तिथे दोन वेगवेगळे होकार लागतात. पहिला रिव्ह्यूअरचा: कोड नीट लिहिला आहे. दुसरा अप्रूव्हरचा: हा बदल प्रकल्पात असायला हवा. नवा कमिट आला की पहिला होकार आपोआप गळून पडतो, दुसरा टिकतो. ओळी बदलल्या म्हणजे बदलाचा हेतू बदलला असं नाही, हे तिथल्या बॉटला, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामला, शिकवून ठेवलेलं आहे.

रस्ट भाषेच्या प्रकल्पाने एक पाऊल पुढे टाकलं. दोन बदल वेगवेगळे वाचले तर निर्दोष असू शकतात आणि एकत्र आले की मोडू शकतात. एकाने फंक्शनचं नाव बदललं, दुसऱ्याने जुन्या नावाने ते नव्याने वापरलं, की संपलं. दोन्ही वाचणाऱ्यांचं काही चुकलेलं नसतं. एकत्र झालेला मजकूर कुणी वाचलेलाच नसतो. म्हणून तिथे मंजुरी मिळाली की बदल रांगेत लागतो, बॉट तो मुख्य शाखेच्या ताज्या रूपाशी जोडून पाहतो, त्या जोडलेल्या रूपावर सगळ्या चाचण्या चालवतो, आणि त्या पार पडल्या तरच आत घेतो.

नियम राखणारा नियम

मोठ्या प्रकल्पात सगळ्यांना सगळं कळत नाही. म्हणून गिटहबवर कोडओनर्स नावाची एक फाइल ठेवता येते. तिच्यात एका बाजूला फोल्डर, दुसऱ्या बाजूला त्या भागाच्या जाणकारांची नावं. त्या फोल्डरला हात लागला, की त्यांची मंजुरी सक्तीची करता येते.

मग पुढचा प्रश्न येतोच: मी माझ्या बदलातच त्या फाइलमध्ये स्वतःचं नाव घातलं तर? गिटहब त्यासाठी ज्या शाखेत बदल जायचा आहे तिथली, म्हणजे आधीपासून मंजूर असलेली फाइल वाचतं. माझ्या प्रस्तावातली माझी आवृत्ती तिथे चालत नाही. शिवाय त्या फाइलचे जाणकार कोण, हे त्याच फाइलमध्ये लिहून ठेवता येतं. नियम बदलायचा असेल, तर तो जुन्या नियमानेच बदलावा लागतो. देशांच्या राज्यघटनांना घटनादुरुस्तीसाठी जो विचार करावा लागतो, तो इथे एका छोट्या मजकूर-फाइलीत येऊन बसला आहे.

आणि लिनक्स? तिथे मंजुरीचं बटणच नाही. पॅचच्या तळाशी नावानिशी ओळी जोडल्या जातात: कुणी पाठवला, कुणी वाचला, कुणी चालवून पाहिला. पाठवणाऱ्याच्या सहीची रीत २००४ मध्ये आली. कोड कुठून आला आणि तो देण्याचा हक्क आपल्याला आहे, याची ती ग्वाही असते. ‘वाचला’ या सहीचा अर्थ तर प्रकल्पाच्या नियमांत कलमवार लिहिला आहे: मी तांत्रिक तपासणी केली, माझ्या शंका लेखकाला कळवल्या, त्यांची उत्तरं पटली. शेवटच्या कलमात हेही आहे, की ही निर्दोषपणाची हमी नव्हे. पुढच्या आवृत्तीत पॅच बराच बदलला, तर जुन्या सह्या काढून टाकाव्यात असंही नियम सांगतात. यंत्र जे बटणाने करतं, ते इथे माणसं रीत म्हणून पाळतात.

जिथे खूण पोहोचली नाही

इतक्या विचाराने उभ्या केलेल्या व्यवस्थेला वळसा कसा घातला गेला, हे २०२४ ने दाखवलं. एक्सझेड ही फाइली लहान करणारी लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. ती वर्षानुवर्षं मुख्यतः एकच माणूस, बिनपगारी, फावल्या वेळात सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ तिथे उपयोगी पॅच पाठवत राहिलं, विश्वास कमावला आणि सहमेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांपैकी एक, झालं. मग फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये निघालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार होतं. त्याचा एक भाग चाचणीसाठी ठेवलेल्या, डोळ्यांनी वाचता न येणाऱ्या फाइलींत दडलेला होता. तो जागा करणारी ओळ कोडच्या मूळ साठ्यात, म्हणजे रिपॉझिटरीत, नव्हतीच. ती फक्त वितरणासाठी बांधलेल्या गठ्ठ्यात होती. लोक जे वाचू शकत होते ते वेगळं, आणि ज्यातून सॉफ्टवेअर तयार होत होतं ते वेगळं.

पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अँड्रेस फ्रॉइंड यांना दूरच्या मशीनवर लॉगइन होताना साधारण अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला. ते मागे लागले आणि २९ मार्च २०२४ ला त्यांनी हे जगासमोर ठेवलं. बहुतेक लिनक्स-वितरणांच्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत ते चोरदार तोवर पोहोचलेलं नव्हतं.

२००३ च्या त्या दोन ओळी पकडल्या गेल्या, कारण मंजूर मजकूर आणि समोरचा मजकूर यांचा ताळा कुणीतरी पाहत होतं. २०२४ मध्ये गठ्ठ्याचा ताळा कुणी पाहत नव्हतं, आणि मंजुरी मजकुरावरून सरकून माणसावर जाऊन बसली होती. याचा दोष एकट्याने ओझं वाहणाऱ्या मेंटेनरला देणं अन्यायाचं होईल. दोन मंजुऱ्यांची सेटिंग लावायला वाचणारी आणखी माणसं लागतात. ती नसतील तर सेटिंग बंदच राहते. जगाचा भार वाहणाऱ्या कितीतरी छोट्या लायब्रऱ्यांची आज हीच स्थिती आहे. या प्रकल्पांना नवा कोड लिहिणाऱ्यांइतकीच, किंबहुना थोडी जास्तच, वाचणाऱ्यांची गरज आहे.

आणि वाचायला कुणाची परवानगी लागत नाही. लिनक्समध्ये ‘वाचला’ ही सही, खरोखर वाचलेलं कुणीही देऊ शकतं. गिटहबच्या सार्वजनिक प्रकल्पात बाहेरच्या माणसाने मंजुरी दिली, तर त्याच्या नावापुढे हिरव्याऐवजी करडी टिक उमटते. सक्तीच्या आकड्यात ती धरली जात नाही, पण तिच्यासोबत लिहिलेली शंका मेंटेनर वाचू शकतो, आणि चांगल्या शंकेसाठी तो कृतज्ञच असतो.

मराठी वाचणाऱ्याकडे तर यात देण्यासारखं काही खास आहे. अँड्रॉइड, फायरफॉक्स, लिबरऑफिस यांत देवनागरी जोडाक्षरं जुळवण्याचं काम हार्फबझ ही ओपन सोर्स लायब्ररी करते. ‘आचार्य’मधला र डोक्यावर रफार होऊन बसतो आणि ‘दुसऱ्या’मधला र चंद्रकोरीसारखा आडवा येतो. हा भेद हिंदी लेखनात लागत नाही, मराठीत लागतो. फॉन्टमध्ये किंवा कोडमध्ये तो बिघडला, तर कुठल्याही खंडातल्या निष्णात प्रोग्रामरच्या नजरेतून तो सुटू शकतो. शाळेत बाराखडी गिरवलेल्या मराठी माणसाला मात्र तो पहिल्या नजरेत खुपतो. देवनागरीशी संबंधित बदल मंजुरीसाठी समोर येतात तेव्हा त्यांच्याखाली मराठी वाचणाऱ्यांची नावं असायला हवीत. त्यासाठी आधी प्रोग्रामर व्हावं लागत नाही. बारकाईने वाचावं लागतं, आणि जे दिसलं ते आपल्या नावानिशी लिहावं लागतं.